आयसीएफचा रेक धावतो, एलएचबी स्लीपर मात्र वळणावर घसरतो: काय आणि कसं तपासायचं

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा, लेआउट जुना, चांगला बसलेला. त्यावर निळ्या आयसीएफ (जुन्या घडणीच्या) डब्यांचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची माळ, तासन् तास फिरतो, काही होत नाही. मग लाल-करडे एलएचबी (नव्या, जर्मन लिंके-हॉफमन-बुश घडणीचे) स्लीपर येतात. तेच इंजिन, तेच रूळ, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वळण सुरू होतं तिथेच एखाद्या डब्याची पुढची बोगी खाली. (बोगी म्हणजे इथे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा, अख्खा डबा नव्हे.) डबा उचलून परत ठेवला की एखादी फेरी नीट जाते आणि पुन्हा तेच. मग चाकं बदलली जातात, फ्लँज (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कडा) घासली जाते, विकणाऱ्याला फोन होतो. बऱ्याच वेळा डब्यात दोष नसतोच. लेआउट आयसीएफच्या मापावर बेतलेला असतो आणि एलएचबीचं टोक त्या मापात मावत नाही.

कानस हातात घेण्याआधी दोष कुणाचा ते ठरवा. एकच डबा इंजिनामागे लावून सावकाश दहा फेऱ्या मारा. मग तोच डबा तोंड फिरवून लावा आणि पुन्हा दहा. डबा फिरवल्यावरही त्याच जागी घसरला तर रुळात शोधा. जागा बदलत राहिली, पण प्रत्येक वेळी तीच बोगी उतरली तर ती बोगी तपासा. एकटा डबा अजिबात घसरत नाही, रेकमध्ये जोडला की घसरतो, असं असेल तर कपलिंग आणि टोकांची ओढाताण हेच कारण धरून चला. एलएचबीच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा हा तिसरा प्रकार निघतो. मोबाइल रुळाच्या उंचीवर आडवा ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. कुठलं चाक आधी चढतं आणि ते बाहेरच्या रुळावर चढतं की आतल्या, हे डोळ्यांना दिसत नाही, चित्रणात स्वच्छ दिसतं.

मापं काय सांगतात

खऱ्या डब्यापासून सुरुवात करू. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनत आलेल्या आणि २०१८ च्या जानेवारीत बंद झालेल्या आयसीएफ डब्याची लांबी २१.३३७ मीटर, दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर. एलएचबीची लांबी २३.५४ मीटर आणि बोगींचं अंतर १४.९ मीटर. म्हणजे डबा सव्वादोन मीटरने वाढला, बोगी मात्र जवळपास होत्या तिथेच राहिल्या. त्या वाढीव लांबीत स्लीपरचा एक पूर्ण कप्पा बसला, नऊचे दहा कप्पे झाले आणि ७२ बर्थच्या ८० झाल्या. प्रवाशांची सोय झाली, पण वाढलेली सगळी लांबी बोगींच्या पलीकडे, दोन्ही टोकांना लटकते आहे.

१:८७ ला हिशोब असा पडतो:

आयसीएफ: लांबी २४५ मिमी, बोगी मध्य ते मध्य १७० मिमी, बोगीपलीकडे लटकणारं टोक सुमारे ३८ मिमी.
एलएचबी: लांबी २७०.५ मिमी, बोगी मध्य ते मध्य १७१ मिमी, लटकणारं टोक सुमारे ५० मिमी.

वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर फेकली जातात. पोट किती आत येतं हे बोगींच्या अंतरावर ठरतं, म्हणून तिथे दोन्ही डबे सारखेच. टोकांचं गणित वेगळं आहे. लांबीच्या वर्गातून बोगींच्या अंतराचा वर्ग वजा करायचा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. एचओसाठी ते सोपं करून ठेवता येतं: त्रिज्या मिलिमीटरमध्ये घ्या, ३,९१० ला तिने भागा की आयसीएफचं टोक किती मिमी बाहेर जातं ते मिळेल. एलएचबीसाठी ५,४८५ ला भागा. पोटासाठी दोघांनाही ३,६५० चालेल.

तर ६१० मिमी त्रिज्येवर आयसीएफचं टोक ६.४ मिमी बाहेर जातं आणि एलएचबीचं ९. ४५७ वर हेच आकडे ८.६ आणि १२ होतात. एलएचबीचं टोक कुठल्याही वळणावर चाळीस टक्क्यांनी जास्त बाहेर जाणार, बोगी कितीही उत्तम असली तरी. खऱ्या रेल्वेत ब्रॉडगेजवरचं सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. ते एचओत दोन मीटर त्रिज्येचं होतं. घरातल्या कुठल्याही लेआउटवरचं वळण त्याहून कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे खरा डबा जातो मग मॉडेल का नाही, या प्रश्नाला अर्थ नाही.

आधी आपला डबा नेमका काय आहे ते पट्टीने मोजा. २७० मिमीच्या आसपास भरला तर पूर्ण मापाचा. २४५ भरला आणि बाहेरून एलएचबी दिसत असेल, तर आयसीएफच्या सांगाड्यावर नवी साल चढवली आहे. त्याला हा त्रास होणार नाही, त्याचं दुखणं वेगळं असेल.

त्रिज्येचा अंगठेनियम: डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असेल तर सगळं सुरळीत धावतं, अडीचपट असेल तर सगळे डबे एकाच लांबीचे असेपर्यंत बहुधा धावतं, दुपटीवर नशीब. एलएचबीसाठी तिप्पट म्हणजे ८१० मिमी आणि अडीचपट म्हणजे ६७५. आयसीएफला हेच ७३५ आणि ६१० मिमी. ६१० मिमी त्रिज्येचा लेआउट आयसीएफला अगदी काठावर पुरतो आणि एलएचबीला पुरत नाही.

वळणात डबे एकमेकांना भिडतात

घसरण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे. खऱ्या एलएचबीत कपलरच्या टोकापासून टोकापर्यंत २४ मीटर भरतात, म्हणजे दोन डब्यांच्या भिंतींमध्ये ४६ सेंटीमीटर जागा. एचओत ती ५.३ मिमी. आयसीएफला बाजूचे बफर (धक्का झेलणारे दट्टे) असल्यामुळे ती जागा ९६ सेंटीमीटर, एचओत ११ मिमी. हौशी माणूस एलएचबी घेतो तो सलग दिसणाऱ्या रेकसाठीच, आणि पहिल्याच दिवशी कपलर आखूड करून डबे खेटून लावतो. सरळ रुळावर फार छान दिसतं. वळणात आतल्या बाजूचे कोपरे एकमेकांवर आदळतात आणि एक डबा दुसऱ्याला रुळावरून ढकलून देतो.

डबा ३७ मिमी रुंद धरला तर ६१० मिमी त्रिज्येवर आतले कोपरे एकमेकांकडे मिळून सव्वाआठ मिमीच्या आसपास सरकतात. जागा ५.३ मिमी, उघडच आहे काय होणार. आयसीएफच्या ११ मिमीत हे आरामात मावतं, म्हणून तिथे कधी कळलंच नाही. खऱ्या मापाची ५.३ मिमी फट ठेवायची असेल तर त्रिज्या किमान ९७० मिमी हवी. ७६० वर सरळ रुळावरची फट ७.५ ते ८ मिमी ठेवा, ६१० वर ९.५. व्हेस्टिब्यूलचे (दोन डब्यांमधल्या ये-जा करायच्या वाटेचे) रबर किंवा प्लॅस्टिकचे घडीदार तुकडे लावले असतील तर ही फट त्यांच्या तोंडापासून मोजा, भिंतीपासून नव्हे. कडक प्लॅस्टिकचे व्हेस्टिब्यूल सरळ काढून टाका आणि काळ्या फोमचे ३ मिमी जाडीचे तुकडे लावा. दाबले जातात, ढकलत नाहीत.

तपासायची सोपी पद्धत: दोन डबे जोडून वळणाच्या मधोमध उभे करा आणि आतल्या कोपऱ्यांमध्ये एक व्हिजिटिंग कार्ड उभं सरकवा. अडकलं तर पुढचं काहीही तपासण्याआधी फट वाढवा.

फट न वाढवता हे सोडवायचं असेल तर एनईएम ३५२ (युरोपीय मॉडेल रेल्वेचं मानक) पद्धतीची सरकती यंत्रणा डब्याच्या तळाला बसवावी लागते. वळणात ती कपलर स्वतःच थोडा बाहेर ढकलते आणि सरळ रुळावर परत आत घेते. काम चोख करते, पण एका अटीवर: दोन डब्यांचे कपलर जोडल्यावर एक कडक दांडा व्हायला हवा. त्या खाचेत केडी या अमेरिकन कंपनीच्या कपलरसारखा बोटांचा कपलर खोचला तर जोड मधेच वाकतो, यंत्रणा मध्यावर परत येत नाही आणि रेक मागे ढकलताना डबे तिरके होऊन घसरतात. यंत्रणा बसवली तर तिच्या जोडीचेच कडक कपलर घ्या. अर्धा खर्च वाचवून पूर्ण डोकेदुखी घेण्यात हशील नाही.

रेक कायमचा एकत्र ठेवणार असाल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. १ मिमी जाडीच्या पितळी पट्टीचा दांडा करा, दोन्ही टोकांना भोक पाडा आणि डब्याच्या टोकापासून १५ मिमी आत खिळ मारून तो अडकवा. टोकाच्या तुळईत दांड्याला डावी-उजवीकडे प्रत्येकी ७ ते ८ मिमी हलायला जागा हवी, नाहीतर सरळातून वळणात शिरताना दांडा तुळईला टेकतो आणि डबा उचलतो. रेकच्या फक्त दोन बाहेरच्या टोकांना नेहमीचे कपलर ठेवा.

कपलर बोगीवर की डब्यावर

बोगीवर बसवलेला कपलर रुळाबरोबर वळतो, त्यामुळे टोक कितीही बाहेर गेलं तरी ओढताना त्रास नाही. मागे ढकलताना मात्र सगळा जोर बोगीवर तिरका येतो आणि ती फिरून उतरते. ५५० मिमीपेक्षा कमी त्रिज्येची तयार वळणं असतील तर एलएचबीला बोगीवरचाच कपलर ठेवा आणि रेक ढकलण्याचा नाद सोडा. ६१० पासून पुढे डब्यावर बसवलेला कपलर घ्यायला हरकत नाही, पण दांडी लांब हवी. केडीचा १४८ हा मध्यम दांडीचा आहे आणि एलएचबीला अपुरा पडतो. १४६ लांब दांडीचा, तो घ्या. तो ज्या डबीत बसतो तिचं तोंड दोन्ही बाजूंनी थोडं तासून कपलरला जास्त वळू द्या. तासल्यावर कडा गुळगुळीत करा, नाहीतर कपलर एका बाजूला जाऊन तिथेच अडकून बसतो.

उंचीचा घोळ इथे हमखास होतो. भारतीय ब्रॉडगेजवर रिकाम्या डब्याचा बफर रुळापासून १,१०५ मिमीपर्यंत आणि भरलेल्याचा किमान १,०३० मिमी उंचीवर असतो. १:८७ ला हे ११.८ ते १२.७ मिमी होतं. केडीचा कपलर अमेरिकन मापाचा, त्याचा मध्य रुळापासून ९.९ मिमीवर येतो. खऱ्या फोटोवरून डबी चिकटवली की ती दोन-अडीच मिमी वर बसते, शेजारच्या कपलरची पकड निम्मीच राहते, आणि रुळाच्या किंचित उंच-सखल जोडावर वरचा कपलर खालच्याला उचलतो. डबी खाली पॅकिंग देऊन बसवा आणि केडीच्या २०५ क्रमांकाच्या उंचीमापकाने प्रत्येक टोक तपासा. दिसायला कपलर थोडा खाली वाटेल. चालेल.

इंजिनामागचा पहिलाच डबा वारंवार घसरत असेल तर कारण याच कुळातलं आहे: इंजिनाचं टोक एलएचबीइतकं बाहेर जात नाही, त्यामुळे दोन टोकांमधला फरक रेकमध्ये तिथेच सगळ्यात मोठा असतो. त्या एका जोडाला आणखी लांब दांडी लावली की बहुधा भागतं.

बोगी

बोगी डब्याखाली किती फिरायला हवी? ६१० त्रिज्येवर सुमारे ८ अंश, ४५७ वर ११. दोन्हीकडे १५ अंश मोकळी फिरली की निश्चिंत. डबा उलटा करून बोटाने फिरवणं पुरेसं नाही, कारण रुळावर डब्याचं वजन येतं आणि तळ थोडा खाली बसतो. बोगीच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना आणि फ्लँजच्या कडेला पांढऱ्या मार्करने रंग लावा, डबा सगळ्यात तीव्र वळणावरून दोन्ही दिशांनी हाताने न्या आणि मग उलटा करून बघा. जिथे पांढरा ओरखडा दिसेल तिथे टेकतंय. ठरलेले गुन्हेगार: दाराखालच्या पायऱ्या, शौचालयांखाली टांगलेल्या बायो-टॉयलेटच्या टाक्या आणि पाण्याची टाकी. खऱ्या डब्यात या वस्तू बोगीपासून पुरेशा लांब आहेत, कारण खरी बोगी इतकी फिरतच नाही. मॉडेलमध्ये पायरीची आतली बाजू १ मिमी तासा किंवा टाकी २ मिमी डब्याच्या मध्याकडे सरकवा. बाहेरून कुणाला कळणार नाही.

आयसीएफच्या बोगीत ब्रेकचे ठोकळे चाकाच्या दोन्ही बाजूंना असतात, एलएचबीच्या फियाट बोगीत आसावर डिस्क असतात. म्हणून आयसीएफ मॉडेलचं चाक ठोकळ्याला घासतं का ते बघायचं, आणि एलएचबीत डिस्कचे तुकडे आसावर सरकून चाकाला टेकले आहेत का ते.

बोगीच्या स्क्रूबद्दल नेहमीची चूक म्हणजे दोन्ही सारखेच आवळणं. एक बोगी फक्त डावी-उजवी फिरावी, डुलू नये: तिचा स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा. दुसरी फिरावीही आणि डुलावीही: पाऊण ते एक फेरा सैल. डबा काचेवर ठेवा आणि सैल बोगीच्या एका चाकाखाली दोन व्हिजिटिंग कार्डं सरकवा. बाकीची सगळी चाकं काचेला टेकलेली राहिली पाहिजेत. एखादं अधांतरी राहिलं तर वळणाच्या तोंडाशी तेच चढणार. थ्रीडी छपाईच्या डब्यांत तळच केळीसारखा वाकलेला असण्याची शक्यता असते, त्यामुळे काचेवरची ही तपासणी त्यांना आधी. पीएलए या छपाईच्या प्लॅस्टिकचा डबा मे महिन्यात बंद गाडीत राहिला असेल तर वाकलाच म्हणून समजा.

चाकांमध्ये एक सोयीची गोष्ट आहे. खऱ्या डब्याचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं, म्हणजे अमेरिकन ३६ इंची चाकाइतकंच. त्यामुळे एचओत मिळणारी ३६ इंची धातूची चाकं, व्यास १०.५ मिमी, आयसीएफ आणि एलएचबी दोन्हीला अचूक लागतात. युरोपीय ११ मिमीची चाकं घातली तर डबा पाव मिमी उचलला जातो आणि फ्लँज तळाला घासण्याची शक्यता वाढते. आसाची लांबी मात्र बोगीनुसार मोजून घ्या, ती प्रत्येक कारागिराची वेगळी. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर डिजिटल व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. १४.४ मिमीच्या आसपास हवं. तीन ठिकाणी तीन आकडे आले तर चाक आसावर तिरकं बसलंय. ते सरळ होत नाही, बदलूनच टाका. बोगी मोकळी धावते का हे बघायला एक मीटर फळीवर रूळ ठेवून एक टोक २० मिमी उचला. डबा आपणहून घरंगळला पाहिजे.

आत दिवे लावले असतील तर तारेकडे बघा. बोगीपासून डब्यात जाणारी जाड तार स्प्रिंगसारखी वागते आणि बोगीला सरळ धरून ठेवते. स्लीपरमध्ये रात्रीचा निळा दिवा हवाच असेल तर केसासारखी बारीक एनॅमलची तार घ्या आणि बोगीच्या मध्याशी एक सैल वेटोळं सोडा. आसाला टेकणाऱ्या पितळी पत्तीचा दाब इतकाच ठेवा की चाक फुंकरीने फिरेल.

वजन

एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला १ औंस, शिवाय दर इंचाला अर्धा औंस. त्यावरून आयसीएफला साधारण १६५ ग्रॅम आणि एलएचबीला १८०. बाजारातले प्लॅस्टिकचे डबे याहून हलके भरतात. पण आकड्यापेक्षा सगळे डबे एकसारखे असणं महत्त्वाचं. पुढे हलका आणि मागे जड डबे असतील तर वळणात ओढ पडली की हलका डबा आतल्या बाजूला खेचला जाऊन उलटतो. चाक आतल्या रुळाकडे पडत असेल तर हेच कारण. टायरवाल्याकडे चाक संतुलनाच्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या बोगींच्या बरोबर वर, तळाला चिकटवून लावा. मधोमध लावल्या तर तळ खाली झुकतो, आणि बर्थच्या वर लावल्या तर डबा डोलतो.

रुळाच्या बाजूला काय

सरळातून एकदम ६१० च्या वळणात शिरलं की एलएचबीचं टोक एका क्षणात ९ मिमी बाजूला जातं आणि पुढचा किंवा मागचा डबा अजून सरळात असतो. लवचीक रूळ असेल तर वळणाच्या आधी ४०० मिमी लांबीत त्रिज्या हळूहळू कमी करत न्या. त्यासाठी मूळ वळण सरळ रेषेपासून ११ मिमी आत सरकवावं लागतं. एवढ्या एका बदलाने निम्म्या तक्रारी थांबतात, आणि हे करायला त्रिज्या वाढवावी लागत नाही.

उलटसुलट वळण सगळ्यात वाईट. एकामागोमाग विरुद्ध दिशांची दोन वळणं आली की एका डब्याचं टोक डावीकडे ९ मिमी आणि शेजारच्याचं उजवीकडे ९ मिमी, म्हणजे १८ मिमीपर्यंत फरक. लांब दांडीचा कपलरही तिथे हरतो. मधे किमान एका डब्याइतका, २७० मिमी सरळ तुकडा टाका. दोन मार्ग जोडणारा क्रॉसओव्हर हेही उलटसुलट वळणच आहे. पेको या ब्रिटिश कंपनीचे लहान पॉइंट (रूळ फाटतात ते सांधे) ६१० मिमी त्रिज्येचे, मध्यम ९१४ आणि मोठे १,५२४. मुख्य मार्गावरच्या क्रॉसओव्हरला मोठेच घ्या, त्यावर एलएचबीचं टोक फक्त ३.६ मिमी जातं. लहान पॉइंट यार्डात, रिकामे डबे सावकाश आत घ्यायला ठीक.

दुहेरी मार्ग असेल तर घसरण नसून धडक असण्याची शक्यता आहे, आणि ती फक्त दोन गाड्या वळणात समोरासमोर आल्यावरच होते, म्हणून लवकर सापडत नाही. आतला मार्ग ६१० त्रिज्येचा आणि मार्गांमधलं अंतर पेकोचं नेहमीचं ५०.८ मिमी धरा. डब्याची रुंदी ३७.३, बाहेरच्या डब्याचं पोट ५.५ आत, आतल्या डब्याचं टोक बाहेर: आयसीएफचं ६.४ धरून बेरीज ४९.२, म्हणजे दीड मिमीने सुटका. एलएचबीचं ९ धरून ५१.८, म्हणजे एक मिमीने टक्कर. वळणात मार्ग ५५ मिमीवर न्या. बोगदा, प्लॅटफॉर्मचा वळणातला भाग आणि सिग्नलचे खांब याच हिशोबाने तपासा. डब्याच्या टोकाला पेन्सिल चिकटवून हाताने एक फेरी मारली की कुठे काय लागतंय ते कागदावर उमटतं.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्रास वाढतो आणि हिवाळ्यात आपोआप कमी होतो, असं असेल तर कोकणात किंवा मुंबईत फळी हेच पहिलं उत्तर. एमडीएफ आणि कच्चा प्लायवुड दमट हवेत फुगतो, रुळाचे जोड वर येतात किंवा बाजूला तुटक कोन करतात. फळीच्या खालच्या बाजूला आणि कडांनाही वॉर्निश लावा, नुसतं वरून रंगवून उपयोग नाही. प्रत्येक मीटरला जोडात अर्धा मिमी फट ठेवा. वळणातले जोड समोरासमोर येऊ देऊ नका, आणि लवचीक रूळ वळवण्याआधी दोन तुकडे सरळ असतानाच झाळून घ्या, म्हणजे जोडाच्या जागी कोन पडत नाही. पट्टीची धार आतल्या कडेला लावून बोटाने चाचपलं तर पाव मिमीची पायरीही लागते. तिला बारीक कानस, डब्याला नव्हे.

बोगी बाहेर सरकवण्याचा सल्लाही कानावर येईल. प्रत्येक बोगी ५ मिमी टोकाकडे नेली तर ६१० वर टोक ९ ऐवजी ८.३ मिमी बाहेर जातं आणि पोट ६ ऐवजी ६.७ मिमी आत येतं. पाऊण मिमीसाठी डब्याचं सगळं रूप बिघडतं आणि दुहेरी मार्गावर पोट शेजारच्याला लागायला लागतं. करू नये.

आयसीएफ आणि एलएचबी एकाच रेकमध्ये लावणाऱ्यांसाठी: खऱ्या रेल्वेत एकाला स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर, दुसऱ्याला सेंटर बफर कपलर (बफर आणि जोड दोन्ही मध्यावर एकत्र), त्यामुळे नेहमीच्या रेकमध्ये दोन्हींची सरमिसळ होत नाही. मॉडेलमध्ये जोडता येतात, पण त्या जोडावर टोकांचा फरक ६१० त्रिज्येवर अडीच मिमी राहतो आणि आयसीएफचे बफर एलएचबीच्या भिंतीला कोपऱ्यात टेकतात. तिथे फट ११ मिमीपेक्षा कमी ठेवू नका.